४१ मिनिटं, ३१ शिव्या

काचेला तडा गेलेला जुना फोन मी पाटाला टेकवून ठेवला होता आणि नव्या फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं होतं. जून २०२४, पहाटेचे साडेपाच. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये रियाजाला हीच काय ती वेळ. नऊनंतर लू सुटते आणि घशाला कोरड पडते ती संध्याकाळपर्यंत. गाण्याच्या काकूंनी बजावलं होतं, "रोजचं रेकॉर्डिंग कर आणि ऐक. मी तुला आठवड्यातून दोनदा ऐकते, तू स्वतःला एकदाही ऐकत नाहीस." रेकॉर्डिंग ४१ मिनिटांचं निघालं. राग यमन. थोडी आलापी, मग मध्यलयीतली बंदिश, मग ताना.

ते ऐकलं दुपारी, बँकेत, डबा खाताना. आलापी ठीक होती, निषाद, म्हणजे नि, नेहमीप्रमाणे कच्चा. ताना सुरू झाल्या तसं काहीतरी वेगळं ऐकू यायला लागलं. मी जिथे जिथे अडून थांबत होते, तिथे तिथे कोणीतरी बोलत होतं. बारीक आवाजात, दातांतल्या दातांत. आधी वाटलं शेजारच्यांचा टीव्ही आहे. इयरफोन कानात घट्ट दाबला. "गधडे." तंबोरा. नि रे ग. "शी!" परत नि रे ग. "मूर्ख कुठली."

आवाज माझाच होता. आणि यातला एकही शब्द बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

भेंडीची भाजी होती, माझ्या आवडीची. तरी डबा झाकून ठेवला.

घरी गेल्यावर पुन्हा ऐकलं, या वेळी कागद-पेन घेऊन. दिवसभर कर्जाच्या फायली तपासायची नोकरी असल्यामुळे काहीही दिसलं की मोजायची सवय लागली आहे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. "शी" ११ वेळा, "गधडे" ९, "मूर्ख" ६, "सोडून दे, तुला नाही जमायचं" ३ आणि "शून्य" २. एकूण ३१. "शी" ही शिवी धरावी की नाही यावर थोडा विचार केला, पण माझा तो सूर ऐकून धरलीच. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये "हं, हे बरं आलं" असं एकदाही नाही, आणि दोन ताना खरंच बऱ्या आल्या होत्या.

(त्या "शून्य"चं मात्र मला नंतर हसू आलं. आमच्या किल्ल्यावर चढताना वाटेत एकाच दगडात कोरलेलं चतुर्भुजाचं छोटं देऊळ लागतं. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० हात लांबीच्या बागेचा आणि देवाला रोज द्यायच्या ५० माळांचा हिशोब आहे, आणि दोन्हीकडे शून्य चक्क आपल्यासारखंच गोल कोरलेलं आहे. लोक लांबून ते बघायला येतात. ग्वाल्हेरकरानं शून्य ही शिवी म्हणून वापरावी, म्हणजे कमालच.)

हे सगळं कुठून आलं ते मला माहीत होतं, निदान तेव्हा तसं वाटत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका गणेशोत्सवात मी पहिल्यांदा लोकांसमोर बसून गायले. चाळीसेक माणसं, सगळी ओळखीची. सोळा मात्रांच्या तीनतालातली बंदिश, तिची सुरुवातीची ओळ, म्हणजे मुखडा, खालीपासून उठणारा, म्हणजे नवव्या मात्रेवरून. मी तानेच्या भरात तो तेराव्या मात्रेला उचलला. समेचं, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचं अक्षर जाऊन पडलं पाचव्या मात्रेवर. तबल्यावरच्या दादांनी मान हलवून, हात उचलून, डोळ्यांनी, सगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. मी लाजेनं डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तेही दिसलं नाही. पुढच्या आवर्तनातही तेच केलं.

दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. आमच्याकडे प्रत्येक घरात एक तरी काका असा असतो, ज्यानं पुढच्या सतरंजीवर बसून मोठमोठे गवई ऐकलेले असतात. ख्यालगायकीचं हे मूळ घराणं. इथूनच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकून महाराष्ट्रात घेऊन गेले, हे आम्हाला शाळेत नाही, पंगतीत शिकवतात. एक मावशी प्रसाद हातावर ठेवता ठेवता म्हणाली, "अगं छान झालं, चलता है. पण तुझी सम कुठे गेली होती गं?" सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर सात महिने मी तोंडातून सा काढला नाही. त्यात भर म्हणजे ३१ ऑक्टोबरला युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून जाहीर केलं. गावभर आनंद, व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचा पूर, आणि मला प्रत्येक मेसेज माझ्या त्या पाचव्या मात्रेवर लिहिल्यासारखा वाटत होता.

सात महिन्यांनी काकूंनीच फोन केला. "फी बुडवलीस का गाणं?" एवढंच विचारलं. मी एप्रिलपासून परत जायला लागले.

तर ३१ शिव्यांच्या कागदाकडे परत येते. तो मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग लक्ष द्यायला लागले तेव्हा कळलं की हे गाण्यापुरतं नाही. स्कूटीची किल्ली सापडली नाही की "बावळट". लिफ्टमध्ये साहेबांना गुड मॉर्निंग म्हणताना आवाज चिरकला की "गप्प बसता येत नाही का". रात्री अंथरुणावर पडलं की दिवसभराची उजळणी, आणि प्रत्येक प्रसंगाखाली शेरा. चोविसाव्या वर्षी माझी झोप बारानंतरच यायची, कधी दोनला. मी त्याला उकाडा म्हणायचे.

अशाच एका रात्री १४४१६ फिरवला. टेली-मानस. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. मराठीतही बोलता येतं. मी हिंदी निवडलं. मराठीत सांगायला गेले असते तर पहिल्याच वाक्याला रडू फुटलं असतं. हिंदीत कसं, आपण थोडं ऑफिसातल्यासारखं बोलतो. पलीकडच्या ताईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "यही बात आप अपने छोटे भाई से कहतीं?"

हा प्रश्न म्हणे सगळीकडेच विचारतात. पण माझं उत्तर होतं, "जी, कहती हूँ." आणि ते खरं होतं. धाकट्याला मी दिवसातून चारदा गधड्या म्हणते, तो मला म्हशे म्हणतो, आमचं त्यात काही बिघडत नाही. ताई हसल्या. मग म्हणाल्या, "उसे कहने के बाद आप दो बजे तक वही दोहराती रहती हैं?" याला उत्तर नव्हतं. त्यांनी दोन-तीन आठवडे झोपेची वेळ लिहून ठेवायला सांगितली आणि परत फोन करा म्हणाल्या. मी केलाही.

त्यांच्याकडूनच मला कळलं की स्वतःशी मायेनं वागण्यावर, ज्याला इंग्रजीत सेल्फ-कम्पॅशन म्हणतात, रीतसर संशोधन आहे. अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये याची मांडणी केली, त्यात तीन गोष्टी येतात. चुकल्यावर स्वतःशी मायेनं वागणं. चुकणारे आपण एकटेच नाही, सगळ्यांचं तसंच असतं, हे ओळखणं. आणि जे वाटतंय ते ना दाबायचं ना फुगवायचं, आहे तेवढंच बघायचं. वाचायला सोपं. माझा अडथळा पहिल्याच गोष्टीवर होता. मला मनापासून वाटायचं की शिव्या थांबल्या तर मी बसकण मारीन. आपल्याकडे "छडी लागे छमछम" हे बालगीत म्हणून शिकवतात, त्यात वाढलेल्या मुलीला दुसरं काय वाटणार?

यावरही कोणीतरी प्रयोग केलेला निघाला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या ब्राइन्स आणि चेन या दोघींनी विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड परीक्षा दिली. नंतर काहींना सांगितलं की ही परीक्षा अवघडच असते, तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. पुढच्या परीक्षेसाठी कोण किती वेळ अभ्यास करतं ते मोजलं. ज्यांना हे सांगितलं होतं त्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. मी हे दोनदा वाचलं. पटलं, पण हाडात शिरलं नाही. अमेरिकेतल्या मुलांचं मला काय, असंही वाटलं.

मग जे सगळे करतात तेही करून पाहिलं. आरशासमोर उभं राहून "मी छान आहे, मी पुरेशी आहे" म्हणायचं. तीन दिवस. "मी पुरेशी आहे" हे मराठी वाक्य कोणाच्या तोंडी कधी ऐकलंय का तुम्ही? वरण पुरेसं असतं. चौथ्या दिवशी भाऊ दारात उभा राहून ऐकत होता, तिथे ते प्रकरण संपलं.

आणि मग जुलैमधला एक रविवार. काकूंकडे रविवारी दुपारी छोटी मुलं येतात. त्या दिवशी तंबोऱ्याची तार तुटली होती, म्हणून मी नवी चढवायला थांबले होते. आठ वर्षांचा एक मुलगा भूप राग गात होता. त्याचा पंचम, म्हणजे प, सारखा उतरत होता. मी तार पिळता पिळता ऐकत होते, आणि माझ्या पोटात गोळा येत होता. आता बोलणार काकू, आता बोलणार.

काकू म्हणाल्या, "पंचम बसला. उभा कर त्याला. परत."

त्यानं परत घेतला. परत उतरला.

"अजून थोडा खाली आहे. गंधारावर थांब, श्वास घे, मग जा. परत."

तिसऱ्यांदा बरा आला, चौथ्यांदा पुन्हा पडला. काकूंचा आवाज पहिल्या वेळी होता तसाच होता. ना चढला, ना लाडिक झाला. "आता वर जाताना घाई केलीस. परत." मुलगा घाबरला नव्हता. तो फक्त पंचम शोधत होता, जसा कोणी पलंगाखाली चेंडू शोधतो. सातव्या-आठव्या वेळी सूर लागला. काकूंनी वाहवा केली नाही. "हं. हाच. पुढे," म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

माझ्या हातात खुंटी तशीच होती. नऊ वर्षं मी या बाईंकडे शिकतेय. नऊ वर्षं मी घरी सांगत आलेय की काकू फार कडक, कधी कौतुक करत नाहीत. त्या कडक आहेतच. पण त्या दिवशी बसून आठवून पाहिलं, तर त्यांनी मला एकदाही गधडी म्हटलेलं आठवेना. बैठकीत सम चुकली त्या रात्रीसुद्धा त्या काय म्हणाल्या होत्या? "मुखडा चार मात्रा उशिरा उचललास. डोळे उघडे ठेव, तबल्याकडे बघ." बस. मी त्यावर घरी येऊन जे जे चढवलं ते माझं होतं.

मला तोपर्यंत वाटायचं की मायेनं वागणं म्हणजे चुकीला चूक न म्हणणं. पाठीवर हात फिरवून "असू दे गं" म्हणणं. ते मला जमलं नसतं आणि आवडलंही नसतं. कानाला खोटा सूर खोटाच लागतो. पण काकू तर चूक सांगत होत्या, अगदी नेमकी, आठ वेळा. फक्त त्या पंचमाबद्दल बोलत होत्या. त्या मुलाबद्दल त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रियाजात त्यांची नक्कल करायला लागले. तान अडली की मोठ्यानं, त्यांच्याच सुरात, "निषादावर घाई झाली. परत." पहिला आठवडा नाटकी वाटला. दुसऱ्या आठवड्यात एक वेगळीच गंमत. "गधडे" तोंडातून निसटायचं आणि लगेच मागून यायचं, "परत म्हणालीस? एवढं पण कळत नाही, मूर्ख!" म्हणजे शिव्या दिल्याबद्दल शिव्या. ऑगस्टचा बराचसा महिना यातच गेला. पावसाळा होता, पहाटे वीज जायची, रेकॉर्डिंगमध्ये बेडूक आहेत.

त्या महिन्यात जुनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना मात्र एक गोष्ट हाती लागली, आणि अमेरिकेच्या प्रयोगापेक्षा मला तीच जास्त पटली. प्रत्येक "शी"नंतरची तान आधीच्यापेक्षा घाईत होती. मी मेट्रोनोम लावून तपासलं. लय चढलेली, श्वास अर्ध्यात तुटलेला, निषाद आणखी वर. बहुतेक प्रत्येक ठिकाणी. शिवी बसली की माझा जबडा आवळतो, खांदे वर येतात, आणि मी ती तान गात नाही, तिच्यातून एकदाची सुटायला बघते. म्हणजे ज्या चाबकाच्या भरवशावर मी स्वतःला चालवत होते, तो प्रत्येक वेळी गाडी खड्ड्यातच घालत होता. आणि जमा-खर्च माझ्याच हातात, तारीखवार, जुन्या फोनमध्ये पडून होता.

बँकेतलं थोडक्यात सांगते. सप्टेंबरात एका फायलीवर जामीनदाराची सही घ्यायची राहिली, डबऱ्याहून माणसाला पुन्हा बोलवावं लागलं. पूर्वी मी आधी बाथरूममध्ये जाऊन रडले असते आणि मग साहेबांना सांगताना सहा वेळा सॉरी म्हटलं असतं. या वेळी सांगितलं, "सही राहिली, चूक माझी, उद्या अकराला येतायत." साहेबांनी मान हलवली आणि फोन घेतला. डबऱ्याचा माणूस मात्र चांगलाच वैतागला, आणि ते बरोबरच होतं. मी त्यांना चहा पाजला. त्या रात्री झोप साडेअकराला लागली. वहीत लिहिलेलं आहे.

डिसेंबरात तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष होतं. आम्ही रोज संध्याकाळी हजिऱ्याला जाऊन बसायचो, मफलर, शेंगदाणे, गजक. तिथल्या तानसेनाच्या समाधीजवळची चिंच लहानपणी आईनं मलाही चघळायला लावली होती. तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. माझ्या गळ्यावर त्याचा काय परिणाम झाला ते पंचमालाच ठाऊक. एका संध्याकाळी एका नामवंत गायकांचा सूर तारसप्तकात जरासा हलला. फार थोडा. मी दचकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी भुवई किंचित उंचावली, तोच सूर पुन्हा घेतला, लावला आणि पुढे गेले. भोवतालच्या सगळ्या काकांनी "वाह" केलं. मला शेजारचा भाऊ म्हणाला, "काय गं, रडतेस काय?" थंडीनं डोळ्यांतून पाणी येतं, असं मी सांगितलं.

आता संक्रांत. जानेवारीतलं ग्वाल्हेर म्हणजे धुकं. दहा वाजेपर्यंत समोरचा विजेचा खांब दिसत नाही. आई ओट्याशी गुळपोळ्या करत होती आणि मी पाटावर बसून तीळ निवडत होते. गुळपोळीत गूळ कडेपर्यंत पोचायला हवा, पण बाहेर येता कामा नये. आला की तव्यावर जळतो, काळा चिकट डाग पडतो आणि घरभर धूर. पहिली पोळी फुटली. आईनं उलथन्यानं तवा खरवडला. दुसरी फुटली. तेव्हा मला ते ऐकू आलं. बारीक आवाजात, दातांतल्या दातांत.

"हात झडले तुझे. अक्कल काय गहाण पडलीय?"

मी तीळ निवडायची थांबले. चोवीस वर्षं त्या स्वयंपाकघरात वावरतेय, आणि हा आवाज तिथे नेहमी असणार, फोडणीच्या आवाजासारखा. माझ्या कानांनी तो कधी वेगळा काढलाच नव्हता.

"कोणाला म्हणतेस गं?"

"कोणाला म्हणणार? मलाच."

"असं कोण म्हणायचं?"

आई जरा थांबली. "आई म्हणायची माझी. दौलतगंजातल्या घरी. पोळी फुगली नाही की म्हणायची." मग म्हणाली, "तिला तिची सासू म्हणायची असेल."

तव्यावरून धूर येत होता. मी काकूंच्या सुरात म्हटलं, "बेसन कमी पडलं, गूळ सैल झाला. पुढच्या गोळीला थोडं जास्त मळ. परत."

"ते मला कळतंय," आई तडकून म्हणाली. "मला नको शिकवू. तू जन्मायच्या आधीपासून करतेय."

"कळतंय ना? मग हात कशाला झडायला हवेत?"

तिनं उत्तर दिलं नाही. डब्यातून भाजलेलं बेसन काढलं, गुळात मळलं, तिसरी पोळी लाटली. ती नाही फुटली. चौथी थोडी फुटली. आई तिच्याकडे बघत राहिली, ओठ हलले, पण काही ऐकू आलं नाही. फुटलेल्या दोन्ही भावानं उभ्या उभ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. थंडीमुळे मी स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत बसले होते, दार उघडं. यमनच. विसाव्या मिनिटाच्या आसपास एक लांब सपाट तान उतरताना गंधारावर विस्कटते. दोन सेकंद नुसता तंबोरा. मग माझा आवाज, स्पष्ट, "गधडे." मागे कपबशीचा आवाज. आणि लगेच, दारापलीकडून, आई,

"घाई झाली. परत घे."